घागरीतलं बेणं

स्वारगेटवरून एस.टी. सुटली तेव्हा माझ्या अंगावर पांढरी पँट होती. बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा, जायचं उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि बाईसाहेब पांढऱ्या पँटीत, डोळ्यांवर गॉगल. ती तेवीस वर्षांची मी आज समोर आली, तर आधी तिचा कान पिळीन आणि मग चहा विचारीन.

तेरणा नदीतले मासे गोळा करायला निघाले होते. वरच्या अंगाला डोहांत अडकलेले काही मासे हजारो वर्षांत खालच्या गोदावरीतल्या भाऊबंदांपासून वेगळे होत गेले असावेत, असा आमच्या सरांचा तर्क होता. शेपटीपाशी केशरी ठिपका असलेला एक बोटभर मासा तिथे असल्याचं त्यांनी जुन्या टिपणात वाचलं होतं. डझनभर ताजे नमुने मिळाले, तर नवी जात जाहीर करता येणार होती. आपलं नाव आपणच द्यायचं नसतं हे मला ठाऊक होतं, म्हणून ते सरांना कसं सुचवावं याचा विचार मी सोलापूरपर्यंत केला.

उस्मानाबादला गाडी बदलली. गावातली जुनी माणसं धाराशिवच म्हणत. लोहाऱ्याकडे जाताना खिडकीतून दोन्ही बाजूंना नुसती फुफाट्याची रानं दिसत होती. बांधाला मेलेल्या गुरांचे सांगाडे होते, आणि गिधाडंसुद्धा उडायचा कंटाळा करत होती. माकणीच्या अलीकडे एका गावाला उतरले. गावाचं नाव सांगत नाही, त्याला कारण आहे.

फाट्यावरून बरंच चालल्यावर एक म्हातारा भेटला. त्याला विचारलं, "बाबा, नदी कुठे आहे?"

त्यानं मला पँटीसकट खालीवर पाहिलं. "नदीतच हुब्या हाव तुमी."

पायाखाली वाळू होती.

काठाजवळ दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. ठिपक्याच्या माशाचं नाव काढताच सगळ्यांनी एकीकडे बोट केलं. "गजरामायला इच्यारा. बेणं तिच्याकडं हाय." गजरामाय म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, काटक, हातांना चिंध्या गुंडाळलेली बाई. वस्ती बौद्धांची होती. तिच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि चुलीपाशी तीन नातवंडं. जेवायला मिलोची (परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची) भाकरी आणि चटणी. मला ती भाकरी गिळेना, म्हणून मी अर्धी ठेवली. गजरामायनं ती फडक्यात बांधून फळीवर ठेवली. ती कुणाची तरी संध्याकाळची भाकरी होती, हे मला पुण्यात पोचल्यावर उमगलं. इतकी माझी बुद्धी तीक्ष्ण.

मग तिनं विहीर दाखवली. गावातली चालू असलेली ती एकच.

"पैलं गाव आमाला त्यांच्या हिरीवर हुबं करत न्हवतं," ती म्हणाली. "आता गाव हितं रांगंला हाय. आमी कुणाला हाकलत न्हाय."

तळाशी हातभर पाणी, आणि त्यात बारा मासे. ऊन पडलं की ठिपके विस्तवाच्या ठिणग्यांसारखे चमकत.

"डोह आटाय लागला की थोडं मासं काढून पानी आसंल त्या हिरीत सोडायचं. ह्येच बेणं. नदी व्हाती झाली की माघारी नदीत. माझी सासू करायची, तिची सासू करायची."

"खाली नदीत दुसरीकडे असतीलच की."

"पार संगमापातूर बगून आला माझा ल्योक. कुटंच न्हाय. आन् ही हीर बी आट दिसाची सोबती हाय." मग तिनं विचारलं, "तुमच्या पुण्याला नळ हाय म्हनत्यात?"

"आहे."

"दिसभर?"

"सकाळ-संध्याकाळ."

तिनं विहिरीत वाकून मासे मोजले. "मग तू घिऊन जा, पोरी. तुज्या घरी जगीव. पाऊस पडला की आनून घाल."

पाणी असलेल्या घरी बेणं सोपवायचं आणि त्या घरानं पावसाळ्यात ते परत करायचं, ही तिथली रीत. माझ्या पिशवीत मासे मारून टिकवायच्या फॉर्मेलिनची बाटली होती. मी होकाराची मान हलवली.

तिनं जुन्या लुगड्यानं मासे धरले, आपल्या तांब्याच्या घागरीत सोडले, आणि घरचं त्या दिवसाचं पिण्याचं पाणी वर ओतलं. नातवंडं बघत होती.

एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "घागर टपावर टाका, बाई."

"आरं, बेणं हाय त्यात," मागून कुणीतरी म्हणालं.

कंडक्टरनं घागरीत वाकून पाहिलं, आणि आपली जागा मला दिली. पुढे ओरडला, "डायवर, दमानं घ्या, गजरामायचं बेणं हाय!" ड्रायव्हरनं खड्ड्याखड्ड्याला गाडी हळू केली. हिंदकळून पाणी कमी झालं, तेव्हा मांडीवर तान्हं घेतलेल्या एका बाईनं आपला तांब्या घागरीत रिकामा केला. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "लेकराला म्होरं कुटंतरी मिळंल. ह्यास्नी कोन देतंय?"

उस्मानाबादच्या लॉजवर पोचले तेव्हा बाराच्या बारा जिवंत होते. मी स्वतःला समजावलं: पुण्यापर्यंत तगणार नाहीत, आणि मेलेल्या माशाचा नमुना चांगला होत नाही. लॉजच्या नळाला पाणी येत होतं, हवं तर दोन दिवस थांबता आलं असतं. मी रंग, लांबी, ठिपक्याची जागा वहीत नीट टिपली. मग बाटली उघडली.

पुण्यात नमुने कापून तपासले. चार माद्यांच्या पोटात अंडी होती. जात नवी ठरली, लेख स्वीकारला गेला. नाव लागलं सरांच्या गुरुजींचं. बरं झालं. भोगा, बाईसाहेब.

पुढच्या भादव्यात घागर परत करायला गेले. भांडं रिकामं परत करू नये, असं माझ्या आईनं शिकवलं होतं. म्हणून मी घागरीत पेढ्यांचा पुडा ठेवला. अशी मी संस्कारी.

तेरणा गढूळ, भरून वाहत होती. मला लांबून पाहूनच गजरामाय खुरपं टाकून धावत आली. घागर माझ्या कडेवरून घेतली, थेट नदीच्या कडेला नेली, गुडघ्यावर बसली आणि आत हात घातला.

हात पुडा घेऊन बाहेर आला.

तिनं तो उलटसुलट करून पाहिला. "पेडं कशाचं गं?"

"पास झाले," मी म्हणाले.

"लई चांगलं झालं." तिनं एक पेढा माझ्याच तोंडात घातला. मग नदीकडे बघत म्हणाली, "आन् बेणं?"

"पुढच्या खेपेला आणते."

"आन. पर दिवाळीच्या आत. पानी उतरलं की त्यास्नी बस्तान बसवाया येत न्हाय."

परतीच्या गाडीत तोच कंडक्टर होता. तिकीट फाडताना त्यानं विचारलं, "बेणं पोचलं का, बाई?"

"पोचलं," मी म्हणाले. सुटे पैसे न घेताच खिडकीकडे तोंड केलं.

दिवाळीच्या आत काय, मी पुन्हा त्या गावाला कधीच गेले नाही. पुढे खाली धरण झालं, मच्छीमार सहकारी संस्थेनं त्यात खाण्याचे मोठे मासे सोडले. ठिपक्याचा मासा त्यानंतर कुणाच्या जाळ्यात आल्याचं ऐकलं नाही.

माझी नात आता हेच काम करते. ती माशाच्या पराचा कणभर तुकडा घेते आणि मासा पाण्यात सोडून देते. तेवढ्यावरून त्याची वंशावळ कळते म्हणे. परवा तिला आमच्या कॉलेजातली ती बाटली दाखवायला नेलं. यातून काही निघेल का, विचारलं. फॉर्मेलिननं आतलं सगळं मोडून टाकलेलं असतं, आशा कमी, असं ती म्हणाली. मग बाटली उजेडात धरून तिनं एकेक मासा पाहिला. बाराच्या बारा पांढरे, पिठूळ.

"आजी, ठिपका कुठे आहे?"

मी तिला वही दाखवली. त्यात लिहिलं आहे, माझ्याच वळणदार अक्षरात: केशरी.