बहिणीसाठी प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत बायकांची प्रार्थनासभा दर गुरुवारी दुपारी कुणाच्या तरी घरी असते. बसल्या रांगेनं एकेकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. गेल्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, सभा माझ्या घरी होती. अमरावतीतलं नवं घर, नवे पडदे. मी अकोल्याच्या धाकट्या बहिणीलाही मुद्दाम बोलावून घेतलं. तिला घर दाखवायचं होतं, हे मात्र मी तेव्हा कबूल केलं नसतं.

सकाळी मेथी निवडता निवडता तिनं सांगितलं की नवऱ्याचं दुकान बंद पडलंय आणि मुलानं कॉलेज सोडलंय. "कोनाले सांगू नको, ताई," म्हणाली. मी कशाला सांगते? आणि सांगितलं नाहीच कुणाला. देवाला सांगितलं, भरल्या बैठकीत, मोठ्यानं.

"प्रभू, माझ्या बहिणीकडे पाहा. तिच्या नवऱ्याचं दुकान बंद पडलं, मुलानं शिक्षण सोडलं. माझ्या मुलांना जशी बुद्धी दिलीस, तशी त्यालाही दे." आमच्या धर्मगुरूंच्या पत्नी, पाळकबाई, हुंकार देत होत्या. खोटं कशाला बोलू, सगळ्या ऐकताहेत ना, हे बघायला मी एक डोळा किलकिला केला होता.

माझ्यानंतर तिची पाळी. तिनं डोक्यावर पदर घेतला. मग म्हणाली, "प्रभू, माह्याबद्दल ताईनं तुले सगळं सांगून टाकलं. माह्याजवळ काई उरलं नाई. आमेन."

चहा न घेताच ती गाडी पकडायला बडनेऱ्याला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रार्थनेला बसले आणि अडकले. मुलं शिकली म्हणून आभार मानायचे, तर ती बहिणीच्या मुलापेक्षा जास्त शिकली होती. घराचे मानायचे, तर ते तिच्या घरापेक्षा मोठं होतं. तिला बाजूला काढलं तर माझं असं काही उरेना. आपण देवाची लेकरं, हे लहानपणापासून गात आले. पण त्याच्यासमोर लेकरू म्हणून कधी गेलेच नव्हते. दर वेळी हातात प्रगतिपुस्तक, तेही बहिणीच्या शेजारी ठेवून दाखवायला. मला स्वतःची किळस आली.

ती फोन उचलेना. पुढच्या आठवड्यात मी अकोल्याला गेले. दारातच म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "उन्हातून आली, आधी जेव." ताट वाढलं आणि समोर बसली. "तू मोठी हाये, प्रार्थना तूच कर. पन माह्यासाठी नको करू."

मी डोळे मिटले. सांगायला काही नव्हतं, दाखवायलाही नव्हतं. "प्रभू, मी आले आहे," एवढंच म्हणाले आणि रडू कोसळलं. तरी प्रभूनं मला परत पाठवलं नाही. अशा रिकाम्या हातांनी आलेलीही त्याला चालते, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला आतून कळलं. कुणापेक्षा बरी म्हणून नव्हे, त्याची म्हणून चालते.

बहीण आमेन म्हणाली आणि भाकरीवर वरण घातलं. त्यानंतर आम्ही फोनवर बोलतो, सणाला भेटतो, हसतोही. घरातलं मात्र ती मला काही सांगत नाही.