तिसऱ्या वाटीचा खिळा

शीला वासनिक रिटायर झाल्या आणि तिसऱ्याच महिन्यात त्यांनी जुगाराचं यंत्र घरी आणलं. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमध्ये ओळखीच्या मराठी घरांत पुढचे आठ दिवस दुसरा विषय नव्हता.

खरं तर त्या गेल्या होत्या बेंच व्हाइस, म्हणजे टेबलाला लावायची लोखंडी पकड, घ्यायला. जवळच्या गावात एक म्हातारे गृहस्थ वारले होते, त्यांची मुलगी घर रिकामं करत होती. गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक लाकडी पेटी टांगलेली होती, घड्याळाच्या पेटीएवढी उंच आणि पुढून काचेची. आत पत्र्याची गोल गोल फिरलेली पट्टी, पितळी खिळे आणि खाली ओळीनं सात वाट्या. बाहेरचा खटका ओढला तर आतली स्टीलची गोळी जागची हलेना.

"बाबांनी इंग्लंडहून आणलेलं," मुलगी म्हणाली. "आम्ही ते चाललेलं कधी बघितलंच नाही."

घरी नवऱ्यानं, भानुदासनं, गाडीची डिकी उघडली. "व्हाइस आणायला गेली होतीस ना?"

"तोही आणलाय. खाली आहे," शीलाताई म्हणाल्या.

शीलाताई नागपूरच्या. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते. जेवायला बसले की ताटाच्या कडेला बोटानं मशीनचे भाग काढून दाखवायचे. शीला दहावी झाल्यावर त्यांनीच तिला आयटीआयला फिटर ट्रेडला घातलं. तिच्या बॅचमध्ये एकोणतीस मुलं होती आणि ती एकटी मुलगी. लोखंडी चौकोन घासून दुसऱ्या तुकड्याच्या खाचेत असा बसवायचा, की फटीतून उजेड दिसता कामा नये. सरांनी तिनं घासून बसवलेला जॉब खिडकीशी धरला, बराच वेळ फिरवून पाहिला, उजेड कुठंच दिसला नाही. पण ॲप्रेंटिस घ्यायची वेळ आली तेव्हा कारखानेवाले मुलींना घेत नाही म्हणाले. पुढं लग्न झालं, एक्क्याण्णव साली भानुदासच्या नोकरीमागोमाग अमेरिका. इथं अकरा वर्षं त्यांनी एका गोदामात खोकी भरली. मग कम्युनिटी कॉलेजचा कोर्स केला आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी एका संशोधन संस्थेच्या मशीन शॉपमध्ये लागल्या. तिथून रिटायर झाल्या तेव्हा हात अजून काम मागत होते.

त्यांची मुलगी उपासना ट्रेंटनला वकील आहे. तिनं फोनवर आधी कायदाच काढला. "आई, सिरियसली? गॅम्बलिंग मशीन?" मग तिनंच शोधून सांगितलं, की इतकं जुनं यंत्र हौस म्हणून घरात ठेवायला हरकत नाही, फक्त पैसे लावून कुणाला खेळू द्यायचं नाही.

यंत्राला ऑलविन म्हणतात, हेही उपासनानंच सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडच्या समुद्रकाठच्या करमणुकीच्या धक्क्यांवर अशी यंत्रं रांगेनं टांगलेली असायची. सुट्टीला आलेली माणसं मोठी तांब्याची पेनी टाकायची आणि खटका मारायची. गोळी जिंकायच्या वाटीत पडली की यंत्राची मूठ फिरवून पेनी परत घ्यायची. एकाहत्तर साली देशानं नाणी बदलली, जुनी पेनी बाद झाली आणि त्या पेनीवर चालणारी कितीतरी यंत्रं भंगारात गेली. काही वेड्या माणसांनी ती उचलून घरी नेली, म्हणून आज थोडीफार शिल्लक आहेत. शीलाताईंचं यंत्र एकोणीसशे तीसच्या दशकातलं निघालं.

खटक्याची स्प्रिंग गंजून तुटली होती. त्यांनी नवी वळवली, गोळीची वाट साफ केली आणि जुन्या पेन्या मागवल्या. यंत्र सुरू झालं. पण सवय अशी, की नुसतं चालतं म्हणून त्यांना चैन पडेना. त्यांनी वही घेतली आणि दोनशे वेळा खटका मारला. तिसऱ्या वाटीत गोळी एकदाही पडली नाही. काचेवर तर त्या वाटीखाली ठळक लिहिलेलं होतं, की ही जिंकायची.

त्यांनी काच काढली, भिंग लावलं. तिसऱ्या वाटीच्या वरचा खिळा पाव इंच डावीकडं सरकवलेला होता. त्याचं मूळ भोक काडेपेटीच्या काडीनं बुजवलेलं होतं, आणि तेही एकदा नव्हे. काडीवर काडी बसली होती. मागचं दार उघडलं तर आतल्या बाजूला पेन्सिलीनं तीन ओळी लिहिलेल्या: डी. पाइक, ऑगस्ट छप्पन, खिळा जागेवर. तेच सत्तावन्नला. तेच अठ्ठावन्नला. त्यानंतर काही नाही.

उपासनानं इंग्लंडमधल्या अशा यंत्रांच्या संग्राहकांच्या मंडळाला दाराचा फोटो पाठवला. दीड महिन्यानं उत्तर आलं, की डोरीन पाइक हयात आहेत, वय सत्त्याऐंशी, आणि त्यांना बोलायला आवडेल.

व्हिडिओ कॉलवर आधी नुसतं कपाळ दिसलं, मग एक बारीक, तरतरीत चेहरा.

"तो खिळा तुम्हीच सरकवायचात?" शीलाताईंनी विचारलं.

"दोन्हीकडं मीच," डोरीन म्हणाली. "मी धक्क्यावर मेकॅनिक होते. मालकाचा हुकूम असायचा, मे महिन्यात डावीकडं सरकव. ऑगस्टच्या शेवटी तो आठवडाभर बाहेरगावी जायचा. तेव्हा मी परत जागेवर आणायचे."

"का?"

"काचेवर लिहिलं होतं ना, ही वाटी जिंकायची म्हणून? लिहिलंय तर गोळीला तिथं पडता आलं पाहिजे."

"आणि अठ्ठावन्ननंतर?"

"त्या वर्षी तो दोन दिवस आधी परत आला. दार उघडून त्या ओळी वाचल्या, खिळा परत डावीकडं नेला आणि मला तिथल्या तिथं कामावरून काढलं. मग लॉन्ड्रीत होते, सदतीस वर्षं. कुठल्या यंत्राला म्हणून परत हात लावला नाही."

शीलाताईंना गोदामातली अकरा वर्षं आठवली, टेप चिकटवताना बोटं उगाच काहीतरी मोजत राहायची ते आठवलं. मग त्यांनी विचारलं, "मी तो परत आणू?"

"यंत्र तुझं आहे," डोरीन म्हणाली. "मी कोण सांगणार?"

पेनसिल्व्हेनियात संग्राहकांचा मेळा भरला, तिथं त्यांनी यंत्र नेलं. एका जाणकारानं पाहताक्षणी बजावलं, "याला हात लावू नका. ही लबाडीच याचा इतिहास आहे. खिळा हलवलात तर किंमत उतरेल." किमतीचं त्यांना काही नव्हतं, पण इतिहासाचं म्हणणं त्यांना खोटं वाटेना. चार दिवस त्या बेसमेंटमध्ये नुसत्या येऊन बसत होत्या.

शेवटी भानुदासच म्हणाला, "इतिहास म्हणतेस, तर त्या पोरीनं तीनदा जागेवर आणला तोही इतिहासच की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काड्या काढल्या, भोकात लाकडाची बारीक खुंटी बसवली आणि तिच्यात खिळा ठोकला. डावीकडचं भोक मात्र तसंच उघडं ठेवलं, ज्याला बघायचं त्यानं बघावं. मग लॅपटॉप यंत्रासमोर ठेवून डोरीनला व्हिडिओ कॉल लावला. अकराव्या खटक्याला गोळी तिसऱ्या वाटीत पडली.

"खटका फार ओढतेस," डोरीन म्हणाली. "अर्ध्यावर सोड."

त्यानंतर दर रविवारी सकाळी फोन ठरलेला. बेसमेंटमध्ये एकाची सहा यंत्रं झाली, आणि मेळ्यात भेटलेली माणसं दुरुस्तीला आणून देतात ती वेगळीच. डोरीन तिकडून रागावते, "तेल घालू नकोस, धूळ धरतं. ग्राफाइटची पूड घाल!" त्यांच्या बुद्धविहारातल्या पोरांना पेन्या खेळायला मिळतात, परत घेऊन परत टाकायच्या. शीलामावशींकडं जायचं म्हटलं की ती आधी गाडीत बसतात.

मागच्या सप्टेंबरात शीलाताई आणि भानुदास इंग्लंडला गेले. डोरीन वॉकर घेऊन त्यांच्याबरोबर धक्क्यावर आली, साठ-पासष्ट वर्षांनी. आत सगळी लखलखत्या स्क्रीनची यंत्रं, कार्डावर चालणारी. सुटे पैसे द्यायच्या खिडकीशेजारी शोभेला म्हणून एक जुनं ऑलविन टांगलेलं होतं. डोरीननं खटका ओढला. गोळी हलली नाही.

तिनं मॅनेजरला हाक मारली. "स्क्रूड्रायव्हर आहे का रे?"

तो तरुण गोंधळला. "मॅडम, ते फक्त डेकोरेशन आहे."

"ते दिसतंच आहे. आहे का?"

स्क्रूड्रायव्हर आला. भानुदासनं काच छातीशी धरून ठेवली. डोरीन वॉकरला धरून सांगत गेली आणि शीलाताई करत गेल्या. मधेच डोरीननं न राहवून स्वतःच एक नट फिरवला. पाऊण तास लागला. येणारीजाणारी माणसं थांबून बघत होती, मॅनेजरही तिथंच उभा होता. शेवटी शीलाताईंनी खटका अर्ध्यावर ओढून सोडला. गोळी सरसर वर चढली, पट्टीवरून फिरत खाली आली आणि हरायच्या वाटीत पडली.

"उत्तम, चालतंय," डोरीन म्हणाली, आणि तिनं वॉकर चहाच्या टपरीकडं वळवला.