निटूरकर रीत

शोकसभेहून आल्यावर शैलजा साडीही न बदलता खाटेवर आडवी होते. दुपार कलंडली आहे. डोळा लागतोय न लागतोय, तोच पायाशी निटूरकर सर बसलेले दिसतात. ज्यांच्या फोटोला ती आत्ता हार घालून आली, तेच.

“झोपलीस?”

“नाही, सर.”

खाटेचा अकरावीचा बाक झालाय. फळ्यावर तेच गणित: वर x² + x + 1, खाली x² − x + 1. या फलाची, म्हणजे फंक्शनची, किंमत कुठून कुठवर जाते, म्हणजे त्याचा विस्तार काय?

तेव्हा सगळा वर्ग सरांनी शिकवलेल्या लांबलचक वाटेने गेला होता. शैलजाने मात्र वर-खाली x ने भागलं, x + 1/x ला t म्हटलं आणि थोडक्यात उत्तर काढलं: एकतृतीयांशापासून तीनपर्यंत. सरांनी ते उभं कापलं. “गणित हा तुझा प्रांत नाही,” म्हणाले. तिने ऐकलं. गणित सोडलं, पोस्टात लागली, तिथेच केस पिकले.

आणि आज सभेत सरांच्या एका विद्यार्थ्याने ‘निटूरकर रीत’ मांडून दाखवली. सरांच्या पुस्तकातली, गावोगावच्या क्लासांत शिकवतात म्हणे. त्यातलं t हे अक्षरसुद्धा तिचंच होतं.

“सर, ती रीत माझी आहे.”

“चुकली होतीस तू. x ने भागलंस, पण x शून्य असला तर? या फलाची किंमत एक येते ती फक्त तिथेच. तुझ्या रीतीत तो एक निसटत होता.”

आता दोघं एसटी कँटीनमध्ये आहेत. सर बशीत चहा ओततात. बशी कोरडीच राहते.

“मग तेवढं सांगायचंत! मी एक ओळ वाढवली असती.”

“ती मी वाढवली.”

“एक ओळ तुमची. आणि बाकीच्या?”

सर कोरड्या बशीवर फुंकर घालतात. “तू लग्न करून जाणार. तुझ्याबरोबर रीतही गेली असती. मी ती वाचवली.”

चेहरा इतका मायाळू, की शैलजाला धड रडूही येत नाही. याच चेहऱ्यावर विश्वास ठेवून तिने स्वतःला जन्मभर मठ्ठ मानलं.

“दर दिवाळीला पाया पडायला यायचे मी. एकदा तरी बोलायचं होतंत, सर.”

“यायचीस खरी.” सरांच्या कपाळाला आठ्या पडतात. “अगं, पण नाव काय तुझं?”

कँटीन नाही. पोस्टाची खिडकी आहे आणि काचेपलीकडे सर पाठमोरे चाललेत. ती हाका मारते. ते वळत नाहीत. काच काळी पडत जाते, फळ्यासारखी. खडू नाही. शैलजा बोटानेच लिहू लागते, पहिल्या ओळीपासून. शेवटची, शून्याचीही, ती स्वतःच घालते.

“आत्या! भिंत काय खरवडतेस?”

भाची खांदा हलवतेय. शैलजा उठून बसते. बोट ठणकतंय, नखात चुना भरलाय. खाटेलगतच्या भिंतीवर वेडेवाकडे ओरखडे; त्यांतली खालची ओळ तेवढी वाचता येते: x = 0, तर 1.

“हे काय गं?” भाची पदराने भिंत पुसायला वाकते.

शैलजा तिचा हात धरते. “राहू दे. माझं आहे ते.”