न पाडलेली भिंत

काकूंनी केलेलं काम कुणीतरी पुन्हा करायचं, हा त्यांच्या घरातला अलिखित कायदा होता. काकूंनी दाराला कुलूप लावलं की काका ते ओढून बघत, मग उघडून पुन्हा लावत. काकूंनी घड्या घातलेल्या चादरी सून "किती छान घातल्यात हो आई" म्हणत आत नेई आणि कपाटाच्या दाराआड उभी राहून नव्यानं घडी घाली. सगळी नोकरी टपाल कचेरीत गेली. तिथंही काकूंनी रचलेले गठ्ठे शेजारचा कारकून जाता जाता सरळ करून जाई. वाकडा शब्द मात्र कुणी कधी बोललं नाही, आणि तीच तर पंचाईत होती. भांडायचं तरी कशावरून?

निवृत्तीनंतरच्या एका रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत विचारलं, "परदेशात एका गरीब वस्तीत चर्च बांधायचंय. पैसे जमलेत. स्वतःच्या हातांनी राबायला आपल्यातून कोण कोण येणार?" काकूंचा हात सगळ्यांत आधी वर गेला. काकांनी तो हळूच खाली ओढला. काकूंनी तो पुन्हा वर केला.

"तू भिंत बांधणार?" घरात पाऊल टाकताच काकांना राहवेना. "अगं, तुला भिंतीवरचा फोटो सरळ लावता येत नाही!"

"फोटो सरळच असतो. तुमची मान वाकडी आहे," काकू म्हणाल्या आणि बॅग भरायला बसल्या. ती बॅग काकांनी नंतर पुन्हा भरली, ते सोडा.

वस्तीतली पत्र्याची घरं एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभी होती. गल्ली इतकी अरुंद की समोरून सायकल आली तर तुम्ही कुणाच्या तरी घरात शिरायचं, आणि घरातल्यांनी "आलाच आहात तर बसा" म्हणायचं. प्रार्थनासभा भरे ती एका गॅरेजच्या मागं, ताडपत्रीखाली. गल्लीच्या टोकाला चर्चची जागा होती. पाया भरलेला, भिंती गुडघ्याएवढ्या आलेल्या.

मिस्त्री वस्तीतलाच. पंजे फावड्याएवढे, आवाज मात्र लोण्यासारखा. तरुणपणी बोटीवर काम करताना काकूंच्या भाषेतलं मोडकंतोडकं बोलणं तो शिकला होता. त्यानं पाहुण्यांच्या हाती थाप्या दिल्या आणि दिवसभरात एक अद्भुत बांधकाम उभं राहिलं. पाळकसाहेबांच्या विटांची रांग डोंगर चढत होती, दुसऱ्या एकाची उतरत होती, आणि काकूंची मध्येच पोट सुटल्यासारखी पुढं आली होती. मिस्त्री प्रत्येकापुढं थांबला आणि म्हणाला, "वा! झकास!"

"अहो, मिस्त्री झकास म्हणाला!" काकूंनी फोनवर सांगितलं.

"माणूस चांगला दिसतोय," काका म्हणाले.

दोन-तीन दिवस असेच झकास गेले. मग एका सकाळी चष्मा कामावर राहिला म्हणून काकू एकट्याच लवकर तिकडं गेल्या, आणि वळणावरच थबकल्या. मिस्त्री आणि त्याची बायको काकूंची भिंत पाडत होते. आवाज होऊ नये म्हणून हातोड्याला फडकं गुंडाळलेलं. तो एकेक वीट अलगद उचकटत होता, ती खरवडून पाण्यात टाकत होती, आणि लगेच तीच वीट सरळ रांगेत परत बसत होती.

काकू मटकन वाळूच्या ढिगावर बसल्या. सात समुद्र ओलांडून आल्या, तरी कपाटाच्या दाराआडची सून पुढं हजर!

मिस्त्रीनं वळून पाहिलं आणि जीभ चावली. "काकू, तुम्ही लांबून आलात. पाहुण्यांना वाईट कसं म्हणायचं?"

"मग रोज पाडता? सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं," मिस्त्री खाली बघत म्हणाला. मग जरा विचार करून, "पाळकसाहेबांचं जास्त."

हसावं की रडावं, काकूंना कळेना. त्या उठल्या, पदर खोचला. "ऐक. दाराच्या एका बाजूची भिंत मी बांधणार. तू शिकवायचं. वाकडी झाली तर माझ्यादेखत पाडायची, फडकं काढून. पण सरळ झाली तर तिला कुणी बोट लावायचं नाही. कबूल?"

"रागावाल."

"रागावेन. तू पाड."

मिस्त्रीनं शब्द पाळला. दुपारी सगळ्यांदेखत त्यानं ओळंबा सोडला, एक डोळा मिटला आणि चार थर धडाधड खाली आणले. "ही ताणलेली दोरी रांग सरळ यावी म्हणून, आणि तुम्ही वीट दोरीला ढकलताय! दोरी फुगते, मग पुढच्या सगळ्या विटा तिच्या मागं जातात. केसभर लांब ठेवा!"

काकूंचं तोंड लाल झालं. पण आतून कुठंतरी गार वाटलं. कुणीतरी तोंडावर वाकडं म्हणालं होतं! पाळकसाहेब मात्र धावत आले. "अहो मिस्त्री, त्यांचं वय बघा. चालवून घ्या. देव अंतःकरण पाहतो."

"देव पाहील हो," काकू विटा गोळा करत म्हणाल्या. "छप्पर भिंत पाहतं."

मग काकू रोज सकाळी लवकर जाऊ लागल्या. सराव म्हणून मिस्त्रीच्या बायकोबरोबर पाळकसाहेबांची भिंत पाडून परत बांधायच्या आणि साहेब आले की म्हणायच्या, "वा! झकास!" आपली सून इतकी वर्षं हे न हसता कसं करत होती, याचं त्यांना आता कौतुक वाटायला लागलं.

त्यांची स्वतःची भिंत आणखी एकदा कोसळली. काकू मिस्त्रीला त्याला न समजणारं बरंच काही बोलल्या आणि पुन्हा पहिल्या थरापासून सुरू झाल्या. वीट भिजवायची, सिमेंट-वाळूचा माल पसरायचा, वीट ठेवायची, थापीच्या मुठीनं ठोकायची, दोरीला स्पर्श नाही. बोटं सोलली. फोनवर काकांनी विचारलं, "झालं का?" काकू म्हणाल्या, "मला बोलायला वेळ नाही," आणि खरोखरच फोन ठेवला.

परतीच्या आदल्या दिवशी भिंत दाराच्या उंचीला लागली होती. माल आळला होता. सगळी वस्ती गोळा झाली. मिस्त्रीनं ओळंबा सोडला. या अंगानं बघितलं, त्या अंगानं बघितलं. हातोडा उचलला. त्यानं वरच्या विटेवर टक् करून वाजवलं, कान लावला, आणि हातोडा कमरेला खोचला.

"आणा रे!"

गड्यांनी दारावरची काँक्रीटची तुळई खांद्यावर घेतली. तिचं एक टोक मिस्त्रीच्या भिंतीवर टेकलं, दुसरं काकूंच्या. कुरकूर नाही, भुगा नाही. तुळई बसली ती बसलीच.

"आता खाली उभ्या राहा," मिस्त्री म्हणाला. "ज्याची भिंत, तो पहिला."

"काकू, जरा थांबा, घाई नको..." पाळकसाहेब पुटपुटले. तोवर काकू दारात होत्या. कमरेवर हात, केसांत सिमेंट. त्यांनी एकदा पाय आपटून बघितला आणि मान मागं टाकून अशा हसल्या की गॅरेजवाला हातातलं काम टाकून पळत आला. बायकांनी गाणं उचललं. एकेक जण काकूंच्या भिंतीशेजारून आत जाऊ लागला. म्हातारे, लेकुरवाळ्या, मिस्त्रीची बायको डोळे पुसत.

शेवटी पाळकसाहेब आले. दारात थांबले, आणि सवयीनं म्हणा, काळजीनं म्हणा, वरची वीट जरा नीट करायला त्यांनी हात उचलला.

"हात खाली!" काकू गरजल्या. "ती नीटच आहे!"