सरकार मागं हाय

आमच्या शुक्रवार पेठेतल्या तात्यांचा सरकारवर जेवढा विश्वास होता, तेवढा खुद्द सरकारचाही नसेल! दुष्काळात मेंढरांचा कळप विकून आणि वर सरकारी कर्ज काढून त्यांनी एक जुना ट्रक घेतला. धंदा बदलला, पण सवयी कुठल्या बदलायला? रोज सकाळी बॉनेटवरून हात फिरवत "झोप झाली का गं बाय?" अशी चौकशी व्हायची. चढ लागला की तात्या हॉर्न सोडून तोंडाने "हुर्र, हुर्र" करायचे. एकदा वैरागच्या रस्त्यावर ट्रक बंद पडला, तर मेकॅनिक शोधायचं सोडून हे लिंबाखाली निवांत बसले. "दमलीया ती. निवू द्या की!" आणि निवल्यावर ती खरंच सुरू झाली!

अशात बातमी आली. रेशनच्या धान्याची काही वाहतूक सरकारने मागासवर्गीय लहान ट्रकमालकांसाठी राखून ठेवली होती. तात्या गल्लीभर नाचले! रंगाऱ्याला गाठून त्यांनी ट्रकच्या पाठीवर ठसठशीत लिहून घेतलं, 'सरकार मागं हाय'.

"हे काय तात्या?"

"अवो मास्तर, मागास म्हंजे काय? ज्याच्या मागं सरकार, त्यो मागास!"

मी शाळेत मराठी शिकवतो. पण त्या फुललेल्या चेहऱ्याला खरा अर्थ सांगायची माझी छाती झाली नाही.

कंत्राट हुकलं तर कर्जापायी ट्रक जाणार होता, आणि कळप तर आधीच गेलेला. म्हणून तात्यांनी कचेरीत धीराला मला नेलं. साहेबांनी विचारलं, "वाहतुकीचा अनुभव?"

"लई हाय की! सांगोल्यापासनं पार कोकणापत्तुर माल नेलाय."

"कसला माल?"

"मेंढरं! तीबी चालवत. वाटंत एक सांडलं न्हाय, सायेब."

सगळी कचेरी खो खो हसली. साहेबांनी हसता हसताच सही ठोकली!

बाहेर आलो, तर ट्रक रुसलेला. हुर्र करून झालं, गोंजारून झालं. शेवटी शिपाई आला, कारकून आले आणि बाह्या सरसावत साहेबही आले. आम्ही सगळ्यांनी मिळून जोर लावला. धडधडत इंजिन जागं झालं आणि तात्या खिडकीतून निम्मे बाहेर येऊन ओरडले, "मास्तर, बघा! सरकार मागं हाय का न्हाय?"

तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. आजही कुणाची गाडी बंद पडली की माझे हात आपसूक पुढे होतात. गाडी सुरू होते, निघूनही जाते. खिडकीतून मागे वळून ओरडणारं मात्र कुणी नसतं, आणि मग तात्यांची फार आठवण येते.