आधी वाचून दाखवा

खऱ्या गोष्टी लिहिणाऱ्यांकडे गोष्टींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमचंच बघा ना. नाशिकला गंगापूर रोडच्या एका वाचनालयात दर शनिवारी आम्ही चौघं जमतो. वाचणाऱ्याला उभारी येईल अशा स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी लिहितो आणि दर महिन्याला छोटासा अंक काढतो. संपादक देशमुख सर, निवृत्त हेडमास्तर. त्यांचा नियम एकच. गोष्टीत जो माणूस आहे त्याला ती आधी वाचून दाखवायची, आणि तो 'हो' म्हणाला तरच छापायची.

या नियमाने आमचे फार हाल केलेत.

*

कुलकर्णी काकांनी 'मी तंबाखू कशी सोडली' लिहिलं. निश्चय, संयम, सगळं होतं त्यात. काकूंनी पोळ्या लाटता लाटता शेवटपर्यंत ऐकलं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "आता तेवढी खिशातली पुडी काढून ठेवा, म्हणजे छापता येईल."

काकूंच्या वाक्यासकट गोष्ट छापली. काकांनी तंबाखू खरंच सोडली, पण अंक निघाल्यावर.

*

पेठकडच्या शाळेत असताना सर एका मुलीच्या घरी खेटे घालून तिला शाळेत आणायचे. ती आता नर्स आहे. ही सरांची लाडकी गोष्ट. ती वाचून दाखवायला मी त्यांना गाडीने पेठला नेलं. तिने सगळं ऐकलं, डोळे पुसले.

"सर, खरं सांगू का? मी तुमच्यामुळं नाय यायचे. खिचडी मिळायची म्हणून यायचे."

नियम सरांचाच. घाटात त्यांनी स्वतःच गोष्टीत 'खिचडी' लिहून घेतली. नाशिक जवळ आल्यावर म्हणाले, "खिचडी चांगली असायची, हे मात्र खरं."

*

वैशालीताई शिवणाचे क्लास चालवतात. पहिलं शिलाई मशीन त्यांना दादाने आणून दिलं होतं आणि त्यांची गोष्ट तिथूनच सुरू होते. पण त्यांनी स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून देवळ्याचा हा दादा त्यांच्याशी बोलत नव्हता.

"दादाला वगळून लिहा," आम्ही सुचवलं.

"मग ती माझी गोष्टच राहत नाही."

शेवटी एका रविवारी त्या कागद घेऊन देवळ्याला गेल्या. मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

पुढच्या शनिवारी त्यांनी सांगितलं ते असं. दादा ओसरीवर कांदे निवडत होता. त्याने मान वर केली नाही. ताईंनी उभ्यानेच सगळं वाचलं. तेवढ्यात वहिनी आत स्वतःशीच पुटपुटली, "साखर कुठं ठेवली कोण जाणे."

"वरच्या डब्यात हाय," दादा लगेच म्हणाला. मग कांद्यांकडे बघतच ताईंना म्हणाला, "मला काय नीट ऐकू नाय आलं. पुढच्या रविवारी परत ये वाचायला."

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. सर अजून दर शनिवारी विचारतात, "काय वैशालीताई, 'हो' म्हणाला का दादा?"

"नाही ना सर. उद्या परत बोलावलंय."