मोठ्यांच्या दवाखान्यात

"बापाला दाखवाया आणलं असंल लेकीनं," शेजारच्या बाकावरची म्हातारी सुनेला म्हणाली, आणि माझ्या बापाला शोधत इकडंतिकडं बघू लागली.

"पेशंट हीच हाय," माझी आई म्हणाली.

"आता गं माय!"

मी ओढणी सारखी केली. लातूरच्या त्या दवाखान्यात सगळ्यांत लहान मीच होते. पाचव्या वर्षी माझ्या हृदयातलं छिद्र बुजवलं, तेव्हापासून दरवर्षी लहान मुलांच्या डॉक्टरांकडे जायचो. तिथं उंची मोजायला भिंतीवर जिराफ रंगवला होता. मी त्याच्या शिंगांच्या वर गेले तरी डॉक्टर मला त्याच्यापाशी उभं करायचे, आणि प्रश्न आईला विचारायचे. अठरा पूर्ण झाली तशी त्यांनी चिठ्ठी दिली, यापुढे मोठ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

समोर दोघंजण आमच्याच गावाचं बोलत होते.

"उदगीर जिल्हा झाला की हार्टचा डॉक्टर तिथंच येतंय बघा."

"आधी टँकर तर येळेवर येऊ द्या, मालक."

टँकर म्हटल्यावर मी खाली बघितलं. त्या वर्षी दुष्काळ होता, आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर दुपारी यायचा. आई तेव्हा शाळेत शिकवत असायची. मला जड उचलायची मनाई होती, म्हणून शेजारच्या काकूंनी पाणी आणून दिलं असं मी सांगायचे. खरं तर घागरी मीच दुसऱ्या मजल्यावर न्यायचे. सगळी गल्ली पाणी भरत असताना खिडकीत बसून राहायची मला लाज वाटायची. महिन्याभरापासून मात्र वर पोचलं की छातीत धडधड सुरू व्हायची, आणि लवकर थांबायची नाही.

हे कुणाला सांगितलं नव्हतं. नांदेडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि हॉस्टेलला डॉक्टरांचं पत्र हवं होतं. आईला कळलं असतं तर तिनं मला घरीच ठेवलं असतं.

नंबर आल्यावर आम्ही आत गेलो. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मला विचारलं, "काही त्रास?"

"काही नाही मॅडम," आई फाईल उघडत म्हणाली. "फक्त हॉस्टेलसाठी पत्र पाहिजे."

"ऑपरेशन कसलं झालं होतं?" त्या माझ्याकडेच बघत होत्या. इंग्रजी नाव मला स्पेलिंगसकट पाठ होतं. "छिद्र होतं," मी कशीबशी म्हणाले.

"नांदेडला कुणासोबत राहणार?"

"एकटीच."

"मग तिथं बरं वाटलं नाही तर मला फोन कोण करणार?"

"मी रोज विचारीन की हिला," आई म्हणाली.

"काकू, ती सांगेल तेवढंच तुम्हाला कळणार." मग माझ्याकडे वळून, "दम लागतो, धडधडतं, यावर बहुतेक वेळा काहीतरी करता येतं. तेवढ्यानं मी कुणाचं कॉलेज बंद करत नाही. लपवणाऱ्या पेशंटला मात्र एकटं पाठवायची मला भीती वाटते. काकू, पाच मिनिटं बाहेर बसता?"

आई उठली. फाईल काखेत मारली, पुन्हा टेबलावर ठेवली. "बसू का गं बाहेर?" असं तिनं मला पहिल्यांदाच विचारलं होतं.

"नको, थांब," मी म्हणाले. "पाणी शेजारच्या काकू आणत नाहीत, आई. मीच आणते. वर आले की छातीत धडधडतं आणि लवकर थांबत नाही. आणि मला नांदेडला जायचंच आहे."